पाचव्या शीलाशी थांबणारे देवरावमामा

देवरावमामा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला मला दोन शब्द बोलायला उभं केलं. वस्तीत पदवी घेतलेली पहिली मुलगी मी, त्यामुळे असा काही कार्यक्रम असला की माईक फिरत फिरत माझ्याकडे येतोच. मी उठले, समोर बसलेल्या कांतामामींकडे पाहिलं आणि "मामांनी मला खूप मदत केली" एवढं एकच वाक्य बोलून खाली बसले. लोकांना वाटलं, रडू आलं असेल. रडू आलं नव्हतं. माझ्या आधी बोललेल्या एका गृहस्थांनी मामा निर्व्यसनी होते असं सांगितलं होतं, आणि ते ऐकून मागच्या रांगेत कुणीतरी हसलं होतं. त्या दोघांपैकी एकाला खोटं ठरवल्याशिवाय मला पुढे बोलता येईना, आणि कुणाला ठरवायचं तेही कळेना. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. लिहून झाल्यावर तरी कळेल की नाही, सांगता येत नाही.

देवरावमामा दिग्रसच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायचे आणि माईकवरून गाड्या सांगायचे. माझे ते सख्खे मामा नव्हेत. आईच्या माहेरच्या गावचे, तिला बहीण मानायचे, आणि आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. उंची बेताची, तेल लावून मागे वळवलेले केस, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. दिसायला अगदी साधे. आवाज मात्र खोल आणि स्वच्छ. स्थानकावरच्या त्या जुन्या भोंग्यातून बाकी सगळ्यांचा आवाज फाटायचा, मामांचा फाटत नसे. माहूरची गाडी ते अशी सांगायचे की ज्याला माहूरला जायचं नाही तोही एकदा पिशवी उचलून बघायचा.

पण लोक त्यांच्यावर चिडायचेही. कारण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी आली असं ते म्हणत नसत. "आर्णीमार्गे यवतमाळ जाणारी गाडी पुसदवरून निघाली असं सांगतात. आली म्हणजे कळवू." एवढंच. एकदा एक माणूस खिडकीत डोकं घालून म्हणाला, "अहो साहेब, नीट टाइम सांगा ना."

"टाइम त्या फळ्यावर लिहेल हाये. मी गाडीचं सांगून राह्यलो."

"मंग गाडी कवा येते?"

"ते मले मालूम असतं तं मी फळ्यावर लिहून घरी गेलो नसतो काय?"

एका नव्या अधिकाऱ्याने त्यांना सुचवलं होतं की गाडीला उशीर असला की 'लवकरच येत आहे' असं म्हणत जा, लोकांना बरं वाटतं. मामा त्याला म्हणाले, "साहेब, मी लवकर म्हटलं का म्हातारे मानसं पिशव्या घेऊन उभे राह्यतात. पाणी प्यालेबी जात नाहीत. माह्या बोलण्यावर लोक उठतात, बसतात." अधिकारी गप्प बसला की कंटाळून निघून गेला, याबद्दल दोन मतं आहेत.

मला त्यांनी केलेली मदत म्हणजे ही. पुसदला कॉलेजात जायला मी रोज त्यांच्या स्थानकावरून गाडी पकडायची. बी.ए.च्या शेवटच्या पेपरच्या दिवशी गाडीचा पत्ता नव्हता. मामा खिडकीतून बाहेर आले, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या काळीपिवळी जीपमध्ये मला बसवलं. ड्रायव्हरला म्हणाले, "माही भाची हाये. पेपर हाये तिचा. मधात चहाले थांबशीन तं संध्याकाळी इथंच यावं लागन तुले." जीप निघाली. अर्ध्या वाटेत मागून माझी नेहमीची गाडी आली आणि हॉर्न वाजवत आम्हाला मागे टाकून गेली. पेपर मिळाला, चांगला गेला. परत आल्यावर मी त्यांना हसत हसत गाडीचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मले मालूम नव्हतं म्हणून बसवलं. मालूम असतं तं नसतं बसवलं." मग थोड्या वेळाने, "पण पेपर सुटला ना नीट?"

आमच्या घरात माझ्या आधी कुणी दहावीपुढे गेलं नव्हतं. मी आज जिथे आहे तिथे येण्यात त्या दिवसाचा वाटा आहे, हे मी कधी विसरणार नाही. म्हणूनच पुढचं सांगताना मला जड जातं.

मामा दारू प्यायचे. रोज. ड्यूटी संपली की घरी यायचे, हातपाय धुवायचे, अंगणात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसायचे आणि स्टीलच्या गिलासात ओतून घ्यायचे. लपवाछपवी नाही. कुणी जाता येता "जेवण झालं का मामा?" विचारलं, तर "आताच बसलो" म्हणून गिलास दाखवायचे. प्यायल्यावर आरडाओरडा नाही, शिवी नाही, मारहाण तर नाहीच. उलट बोलणं कमी कमी होत जायचं आणि शेवटी बंद पडायचं. वस्तीतल्या बायका कांतामामींना म्हणायच्या, तुह्यं नशीब चांगलं, गरीब दारुड्या भेटला. मामी एकदा म्हणाल्या, "मारत नाही, भांडत नाही, खरं हाये. पण संध्याकाळ झाली का मह्या घरात मानूस राह्यत नाही. खुर्ची राह्यते."

आता विहाराचं सांगते. आमच्या विहारात रविवारी संध्याकाळी वंदना होते. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागून. वंदनेत पंचशील येतं, म्हणजे पाच गोष्टींपासून दूर राहण्याचं आपण सगळे मिळून म्हणतो: हिंसा, चोरी, वाईट चालचलन, खोटं बोलणं आणि पाचवी नशापाणी. पूर्वी एक वयस्क बाबा ते म्हणायचे. ते गेल्यावर साहजिकच सगळ्यांनी देवरावमामांकडे पाहिलं, कारण आवाज त्यांचाच. ते नको नको म्हणत होते. तो नको कशाचा होता ते आम्हाला पहिल्याच रविवारी कळलं.

मी तेव्हा शाळेत होते. मामांनी एकेक शील म्हटलं, विहार भरून गेलं. चौथं झालं आणि ते थांबले. आम्हाला वाटलं, खोकला आला असेल. ते हात जोडून, मान खाली घालून उभे. कुणी पुढे बोलेना. पुरुषांच्या बाजूला चुळबुळ सुरू झाली, एक लहान मूल "आई, संपलं?" असं विचारू लागलं. तेव्हा बायकांच्या बाजूने कांतामामींनी पाचवं शील म्हटलं. त्यांचा आवाज बारीक, थोडा चिरका. आम्ही सगळ्यांनी मागून म्हटलं. मामांनी ओठ हलवले नाहीत. पुढची वंदना मग त्यांनीच पूर्ण केली, जणू मधे काही झालंच नाही.

बाहेर आल्यावर कमिटीच्या अध्यक्षांनी त्यांना गाठलं. "देवराव, विसरला काय?"

"नाही. विसरतो कसा?"

"मंग?"

"चौथ्यात म्हणतो खोटं बोलणार नाही, अन् लगेच पाचव्यात खोटं बोलू? तेवढा तं दम घेऊ द्या मानसाले."

अध्यक्षांना हसू आलं आणि विषय तिथेच मिटला. पुढच्या रविवारीही तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. हळूहळू ते अंगवळणी पडलं. चार शीलं मामांची, पाचवं मामींचं. कुणाला त्यात वावगं वाटेनासं झालं. मला तर अभिमान वाटायचा. खोटं म्हणणारे सगळीकडे असतात, न म्हणणारा एकच माणूस आहे आणि तो आमचा मामा आहे, असं मी कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगायची. ढाणकीहून एक पाहुणे एका लग्नाला आले होते. त्यांना वाटलं, ही इकडची रीतच आहे. त्यांना ती इतकी आवडली की आपल्या गावी जाऊन त्यांनीही पाचवं शील बायकांकडे सोपवलं. पुढच्या वर्षी भेटल्यावर ते मोठ्या कौतुकाने मामांना म्हणाले, "आमच्याकडं बी तुमच्यासारखंच चालू केलं बरं का. घरच्या बाईनं म्हटलं का वजन येते." मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं, आणि पाणी प्यायला उठले.

इथवर हे सगळं गमतीचं होतं. गंमत कधी संपली ते मला नेमकं सांगता येणार नाही. एका रविवारी लक्षात आलं की पाचव्या शीलाला पुरुषांच्या बाजूने आवाजच येत नाही. नुसत्या बायका आणि लहान मुलं. मागच्या रांगेतली पोरं, वीस-बावीस वर्षांची, हात जोडून मान खाली घालून उभी होती. अगदी मामांसारखी.

शेवंताबाई म्हणजे महिला मंडळाच्या प्रमुख. त्यांचा एकुलता एक मुलगा नितीन त्याच रांगेत होता. त्यांनी घरी गेल्यावर त्याला विचारलं तर तो म्हणाला, "आई, मी कधीमधी घेतो. मंग खोटं कायले म्हणू? देवरावमामा म्हणते काय?" त्याआधी शेवंताबाईंना तो घेतो हेच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या चार-पाच बायकांना घेऊन मामांच्या अंगणात आल्या. मी आईबरोबर होते. मामा खुर्चीवर, गिलास खाली ठेवलेला.

"देवरावभाऊ, तुमचं एक बरं हाये," शेवंताबाई म्हणाल्या. "पिताही अन् खरेही राह्यता."

"बसा ना वहिनी."

"बसाले नाही आलो. माह्यं पोट्टं पहिले लपून पेत होतं. भीत होतं. आता हात जोडून पेते. तुमच्या खरेपणापायी त्याले परवाना भेटला."

"मी त्याले प्याले सांगतलं नाही."

"सांगतलं नाही, दाखोलं. बसस्टँडवर तुमच्या बोलण्यानं लोक उठतात ना? मंग विहारात तुमच्या न बोलण्यानं बसले."

 एका बाईने सुचवलं की वंदना दुसऱ्या कुणाला द्या. शेवंताबाई म्हणाल्या, दुसरं कोण आहे, बाकीच्यांचं कोणी ऐकत नाही. मग दुसरी म्हणाली, मामांनी दारू सोडावी, हेच सोपं. सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि हेच ठरलं. मामांनीही मान हलवली. खाली ठेवलेला गिलास त्यांनी उचलला आणि अंगणातल्या चांदणीच्या झाडाच्या आळ्यात ओतला. कांतामामी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "झाड मरन ना." सगळ्या हसल्या. मला तो क्षण फार मोठा वाटला होता. इतकं सोपं असतं तर, असं आता वाटतं.

वस्तीने त्यांना मदत करायची म्हणून जी चूक केली ती चांगल्या मनाने केली. मामांनी सुट्टी टाकली, आणि त्यांना घरातच ठेवायचं ठरलं. पाळीपाळीने कुणीतरी दाराशी बसायचं. शेवंताबाई ताक पाठवायच्या, कुणी लिंबूसरबत. पहिला दिवस बरा गेला. मग हात थरथरू लागले, इतके की ताकाचा गिलास धरता येईना. घाम, उलट्या, झोप नाही. लोक म्हणाले, जहर बाहेर पडून राह्यलं, चांगलं हाये. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी मामा बाजेवर उठून बसले आणि गाड्या सांगू लागले. तोच आवाज, तीच पद्धत. फक्त ते म्हणत होते, "आली, आली. उमरखेडची आली. दारव्ह्याची आली. चढा, पटापट चढा." भिंतीकडे पाहून. न दिसलेली गाडी आयुष्यात कधी न सांगितलेला माणूस भिंतीत गाड्या पाहत होता. दाराशी बसलेली पोरं आधी हसली, मग घाबरली. कांतामामी बाहेर येऊन म्हणाल्या, "गाडी पाहा कोणाची तरी. आत्ताच्या आत्ता."

मी तेव्हा यवतमाळला नोकरीला लागले होते. त्यांना तिथल्याच दवाखान्यात आणलं आणि शिकलेली म्हणून मला बोलावलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आमच्यावर ओरडल्या. ज्याच्या शरीराला रोजची सवय झाली आहे त्याची दारू अशी घरात कोंडून एकदम बंद करायची नसते, जिवावर बेततं. दवाखान्यात आणा, आम्ही औषधावर बंद करू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मामा सावरल्यावर त्यांनी समोर बसवून काही प्रश्न विचारले. मी शेजारी होते.

"काका, दारू कमी करावी असं कधी वाटलं होतं का?"

"रोज वाटते."

"रोज?"

"रोज दुपारपर्यंत."

"कुणी पिण्यावरून बोललं तर राग येतो?"

मामांनी विचार केला. "बोलणाऱ्याचा नाही येत. खरं बोलला म्हणून येते."

"आपलं चुकतंय असं वाटतं?"

"त्याच्यासाठी तं मी आमच्या विहारात दर रविवारी उभा राह्यतो बाई."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी सगळं सांगितलं. त्या पेन खाली ठेवून म्हणाल्या, "काका, तुम्ही खरं सांगता हे चांगलं आहे. पण खरं सांगितलं म्हणजे काम झालं असं तुम्हाला वाटतं का?" मामांनी शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलं. 

ते औषधं घेऊन घरी आले. इकडे वस्तीत बातमी काय पसरली, तर डॉक्टरांनीच सांगितलं की दारू एकदम सोडायची नसते. नितीन आपल्या आईला म्हणाला, "मी डॉक्टरचंच ऐकून राह्यलो. एकदम सोडली तं जिवाले धोका. मामाचं पाह्यलं ना?" शेवंताबाईंनी मला फोन करून विचारलं, खरंच असं म्हणाले का डॉक्टर. मी म्हटलं, हो, म्हणाले, पण ते त्याच्यासाठी नाही, रोज पिणाऱ्यासाठी, आणि तेही दवाखान्यात येऊन सोडा असं म्हणाले. त्या म्हणाल्या, "बापा, इतकं लंबं कोण ऐकते?"

मामांनी मात्र खरंच सोडली. संध्याकाळी खुर्ची तीच, गिलास तोच, आत चहा. मामी म्हणायच्या, दिवसातून सात वेळा चहा मांडायचा कंटाळा आला, पण घरात माणूस आलाय. ते भाजी निवडू लागले. मामींशी भांडूही लागले, आणि मामींना त्याचंही कौतुक. वजन वाढलं, गळ्याजवळचं बटण लागेना. आम्ही सगळे रविवारची वाट पाहत होतो.

रविवारी मामांनी चौथं शील म्हटलं आणि थांबले.

मामींनी नेहमीसारखं उचललं नाही. त्या वाट पाहत राहिल्या. सगळं विहार वाट पाहत राहिलं. शेवटी मामींनीच म्हटलं, पण रागाने. मागची रांग गप्पच राहिली, आणि मामा गुपचूप पितच असतील असं म्हणायला लोक मोकळे झाले. घरी गेल्यावर मामी कडाडल्या, "पेत होता तवाही मुके, सोडली तवाही मुके. आता तं खरं हाये ना? मंग तोंड काहून उघडत नाही?"

"आज नाही घेतली हे खरं हाये," मामा म्हणाले. "पण ते आजचं बोलणं नाही ना कांता. ते पुढचं बोलणं हाये. पुढचं मले काय मालूम?"

"साऱ्या दुनियेले मालूम हाये काय पुढचं? तरी म्हणतेच ना?"

"त्यायनं म्हणावं. मी नाही अडवत."

मामी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू शिकली ना, तू सांग याले काहीतरी."  मला दोघंही बरोबर वाटत होते. पदवीचा अशा वेळी काही उपयोग होत नाही.

असे काही महिने गेले. मग पौर्णिमेच्या दहा-बारा दिवस आधी नितीन आर्णी रोडवर मोटारसायकलवरून पडला. प्यायलेला होता. पाय दोन ठिकाणी मोडला, डोकं वाचलं, प्लॅस्टर घालून त्याला घरी आणलं. पौर्णिमेला मी सुट्टीवर घरी आले होते. पौर्णिमेच्या सकाळी शेवंताबाई मामांकडे आल्या तेव्हा मी आणि मामी ओट्यावर गहू पाखडत होतो. या वेळी त्या एकट्या होत्या आणि आवाज चढलेला नव्हता.

"भाऊ, आज विहारात म्हणा."

मामांनी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"त्याले घरी पडल्या पडल्या विहाराच्या भोंग्यावर ऐकू येते. त्याचे दोस्त मागं उभे राह्यतीन. एक बार म्हणा. खरं असो का खोटं असो, मले त्याच्याशी काही घेणं नाही. पोरायच्या कानावर तुमच्या तोंडून पडू द्या."

"वहिनी, तुमी मले काय मागून राह्यल्या..."

"मालूम हाये काय मागून राह्यली. मागून राह्यली."

त्या गेल्या. मामा चपला घालून बाहेर पडले. मामींनी विचारलं, "कुठं?" ते म्हणाले, "येतो." दुपारी जेवायला आले नाहीत.

संध्याकाळी विहार भरलं होतं. पौर्णिमा म्हणून सगळे पांढऱ्या कपड्यांत. मेणबत्त्या लावायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी पुढे होते. मामा वेळेवर आले. भांग पाडलेला, पांढरा शर्ट, चाल सरळ. मी त्यांच्या हातात मेणबत्ती दिली तेव्हा ते माझ्याकडे झुकले, आणि मला वास आला. इतक्या महिन्यांनी. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही, पण काही सांगितलंही नाही.

वंदना सुरू झाली. आवाज तसाच, खोल, स्वच्छ. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं म्हणताना ते नेहमीपेक्षा सावकाश बोलले, निदान मला तसं वाटलं. मग थांबले. सवयीने मामींनी पाचव्या शीलाला सुरुवात केली. पहिल्याच शब्दाला त्यांच्या आवाजाखाली दुसरा आवाज आला. मामा म्हणत होते. क्षणभर दोघांचे आवाज एकत्र चालले, मग मामी मधेच थांबल्या आणि पुढची ओळ मामांनी एकट्याने पूर्ण केली. भोंग्यातून ती वस्तीभर गेली.  मग मागच्या रांगेतून पुरुषांचा आवाज आला. सगळ्यांचा नव्हे, पण आला. शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला.

मी मामींकडे पाहिलं. त्यांना दुरूनही कळलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात बाईला वासाची गरज नसते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता की दुसरं काही, मी आजही ठरवू शकले नाही.

पिणं बंद होतं तेव्हा मामांनी ते शील म्हटलं नाही, आणि पिऊन आले त्या दिवशी म्हटलं. मी हे वाक्य कितीदा तरी मनात उलटसुलट करून पाहिलं आहे. ज्या माणसाच्या खरेपणाचा मला अभिमान होता तो माझ्यासमोर खोटं बोलला. आणि त्यांच्या सगळ्या खऱ्यापेक्षा त्या खोट्याने वस्तीत जास्त काम केलं, असं शेवंताबाई म्हणतात. नितीनने त्यानंतर घेतली नाही, असंही त्या म्हणतात. ते त्या ओळीमुळे की मोडलेल्या पायामुळे, कोण सांगणार? आणि शेवंताबाईंचं मागणंच मामांना पेलवलं नाही म्हणून ते त्या दुपारी परत दुकानात गेले असतील, तर मग हिशेब कुणाच्या बाजूने लावायचा?

पुढचं थोडक्यात सांगते. त्यानंतर लगेच माझी बदली गडचिरोलीला झाली आणि येणंजाणं तुटलं. फोनवर मामींकडून कळायचं. मामा पुन्हा दवाखान्यात राहून आले, औषधं घेत राहिले. एका नातेवाइकाच्या लग्नात घसरले, स्वतःच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सांगून आले. परत सावरले. रविवारी पाचही शीलं तेच म्हणायचे, घसरले त्या आठवड्यातही. मागच्या हिवाळ्यात झोपेतच गेले. निर्व्यसनी होते म्हणणारे गृहस्थ आणि हसणारा माणूस, दोघांकडेही आपापलं कारण होतं.

मी मामांना शेवटचं पाहिलं ते पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. ऑफिसच्या कामाला जायचं म्हणून मी पुसदची गाडी पकडायला बसस्थानकावर आले होते. मामा खिडकीत नव्हते. बाहेर प्रवाशांच्या बाकावर बसले होते, मांडीवर कापडी पिशवी, शेजारी कांतामामी. मामी त्यांच्याकडे अर्धी पाठ करून बसल्या होत्या. मी जवळ गेले.

"मामा, कुठं निघाले?"

"यवतमाळले. दवाखान्यात भरती होतो म्हणतो."

"त्रास होऊन राह्यला का?"

"नाही." त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला.  "काल बोलून बसलो ना बाई चारचौघांत. आता त्याच्या मागं मागं जा लागन."

मला विचारायचं होतं की मामा, काल ते का म्हटलं. पण मामी तोंड न वळवता म्हणाल्या, "बोलून तं बसले. रातभर जागले. मले म्हणते, कांता, खोटं बोललो. मी म्हटलं, पहाट होऊ द्या, गाडी पकडू." आणि मग त्यांनी पदराखालून डबा काढला, त्यातली अर्धी भाकर मोडून मामांच्या हातावर ठेवली. मामा ती दोन्ही हातांनी धरून खाऊ लागले, हात हलू नयेत म्हणून कोपरं गुडघ्यांवर टेकवून.

माझी गाडी लागली. मी खिडकीतून पाहत होते. मामींची पाठ अजून अर्धी वळलेलीच होती, पण भाकरीचे तुकडे मामांच्या शर्टावर पडत होते ते त्या न पाहता एका हाताने झटकत होत्या.